उत्पादन-चित्रांच्या टेम्प्लेटमधील ‘दाखवा-लपवा’ नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्पादनांच्या यादीवरून शेकडो चित्रे एकाच टेम्प्लेटमधून तयार करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. निरनिराळ्या साधनांत बटणांची नावे आणि पडद्यावरची मांडणी वेगळी असते, त्यामुळे उत्तरे कोणत्याही एका साधनापुरती लिहिलेली नाहीत. एकदा दिलेले स्पष्टीकरण पुन्हा न देता संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अटीवर आधारित नियम म्हणजे नेमके काय, आणि तो टेम्प्लेटमध्ये कुठे बसतो?

टेम्प्लेट म्हणजे एकावर एक रचलेले लेयर: पार्श्वभूमी, उत्पादनाचा फोटो, नाव, किंमत, सवलतीचा बॅज, लोगो. फीड म्हणजे तक्ता, ज्यात प्रत्येक उत्पादनाची एक ओळ आणि प्रत्येक माहितीचा एक रकाना असतो. नियम एखाद्या लेयरला किंवा लेयरच्या गटाला जोडलेला असतो आणि त्याचे तीन भाग असतात: कोणता रकाना पाहायचा, तुलना कोणती करायची आणि कशाशी करायची. एखाद्या ओळीचे चित्र तयार होताना त्या ओळीतील मूल्ये या अटीवर तपासली जातात आणि तो लेयर काढायचा की वगळायचा हे ठरते. प्रत्येक ओळीचा निर्णय स्वतंत्र असतो. एका उत्पादनाच्या अटीला शेजारच्या ओळीत काय आहे हे कळत नाही, आणि याचे परिणाम शेवटच्या प्रश्नात पाहायला मिळतील.

२. एकाच टेम्प्लेटमध्ये नियम घालावेत की प्रत्येक प्रकारासाठी वेगळा टेम्प्लेट करावा?

फरक एखाददुसऱ्या घटकाचा असेल, तर नियम घालावेत. तीन बॅज एकमेकांपासून स्वतंत्रपणे दिसू किंवा लपू शकत असतील, तर त्यांच्या आठ जुळण्या होतात. आठ टेम्प्लेट सांभाळायचे म्हटल्यास लोगो बदलला की आठ ठिकाणी हात घालावा लागतो. याउलट निम्म्याहून अधिक लेयरना एकच अट लागू होत असेल, म्हणजे सवलत असताना फोटोची जागा, रंग आणि अक्षरांचा आकार असे सगळेच बदलत असेल, तर ती मुळात दुसरी रचना आहे आणि तिला स्वतंत्र टेम्प्लेट द्यावा. ओढूनताणून एकत्र बसवलेला टेम्प्लेट काही महिन्यांनी तो करणाऱ्यालाही उलगडत नाही.

३. नियम ‘दाखवा, जर...’ असा लिहावा की ‘लपवा, जर...’ असा? दोन्हींचा अर्थ एकच नाही का?

माहिती निर्दोष असेल तर अर्थ एकच होतो, परंतु फीडमधील माहिती क्वचितच निर्दोष असते. ‘सवलतीची किंमत रिकामी असेल तर बॅज लपवा’ हा नियम घ्या. एखाद्या ओळीत त्या रकान्यात शून्य, आडवी रेघ किंवा नुसती मोकळी जागा पडली असेल, तर रकाना तांत्रिकदृष्ट्या रिकामा ठरत नाही आणि सवलत नसलेल्या वस्तूवर बॅज झळकतो. तोच नियम ‘सवलतीची किंमत शून्यापेक्षा मोठी आणि मूळ किमतीपेक्षा लहान असेल तरच बॅज दाखवा’ असा लिहिला, तर या सगळ्या ओळींत बॅज आपोआप गळतो. पहिल्या पद्धतीत चुकीची माहिती ग्राहकापर्यंत पोहोचते, दुसऱ्या पद्धतीत फार तर एक बॅज कमी दिसतो.

म्हणून जो घटक ग्राहकाला काही सांगतो किंवा आश्वासन देतो, तो मुळात लपलेला असावा आणि माहितीने त्याची बाजू सिद्ध केली तरच दिसावा. लोगो, उत्पादनाचा फोटो आणि कायद्याने आवश्यक असलेली सूचना हे याला अपवाद आहेत. ते मुळात दिसणारे असावेत आणि त्यांना शक्यतो नियमच लावू नये.

४. अटी कोणत्या रकान्यांवर लावाव्यात?

ज्या रकान्यात ठरावीक मूल्यांपैकीच एक येते किंवा शुद्ध संख्या येते, असा रकाना सर्वांत भरवशाचा. गुगल मर्चंट सेंटर, म्हणजे विक्रेत्यांनी गुगलला उत्पादनांची यादी देण्याची सेवा, हिच्या फीडमधील उपलब्धतेचा रकाना याचे चांगले उदाहरण आहे. त्यात ‘इन स्टॉक’, ‘आउट ऑफ स्टॉक’, ‘प्रीऑर्डर’ आणि ‘बॅकऑर्डर’ ही चारच मूल्ये चालतात. वस्तू नवी आहे, नूतनीकृत आहे की वापरलेली, हे सांगणारा रकानाही तसाच बंदिस्त असतो.

त्याच फीडमध्ये स्वतःच्या सोयीसाठी ‘कस्टम लेबल’ नावाचे, ० ते ४ असे पाच रकाने मिळतात. ते ग्राहकाला दिसत नाहीत, त्यामुळे ‘या हंगामातील’, ‘नफा अधिक’ किंवा ‘बॅज नको’ अशा खुणांसाठी ते योग्य ठरतात. उत्पादनाचे नाव आणि वर्णन या मोकळ्या मजकुराच्या रकान्यांवर अट लावण्याचा मोह टाळावा. त्याची कारणे प्रश्न ९ मध्ये दिली आहेत.

५. सूट नसलेल्या उत्पादनांवरही सवलतीचा बॅज का दिसतो?

बहुतेक वेळा याचे कारण असे असते, की विक्रीची प्रणाली फीड तयार करताना सवलतीचा रकाना रिकामा ठेवत नाही, तर सूट नसल्यास त्यात मूळ किंमतच भरते. ‘रकाना भरलेला आहे’ एवढीच अट असेल, तर ती अशा प्रत्येक ओळीत खरी ठरते आणि बॅजवर ‘० टक्के सूट’ असे छापले जाते. यावरचा उपाय प्रश्न ३ मधील दुहेरी अट हाच आहे.

त्यासोबत किमान मर्यादाही घालावी. दोन टक्के सुटीचा मोठा लाल बॅज उत्पादनाला उपकारक नसतो. ही मर्यादा किती असावी हा व्यवसायाचा निर्णय आहे, परंतु ती नियमात लिहिलेली असावी. टक्केवारी काढताना अपूर्णांक खालच्या पूर्णांकावर आणावा. मूळ किंमत ९९९ आणि सवलतीची ६५० असेल, तर सूट ३४.९३ टक्के येते. नेहमीच्या पद्धतीने पूर्णांकात आणल्यास ३५ छापले जाईल, म्हणजे प्रत्यक्षाहून अधिक सूट जाहीर होईल. ३४ छापल्यास कोणाची तक्रार येत नाही. मूळ किंमत रिकामी किंवा शून्य असेल, तर भागाकारच होऊ शकत नाही. तेव्हा टक्केवारीच्या लेयरच्या अटीत मूळ किंमत शून्याहून मोठी असल्याची तपासणी असावी.

६. ‘किंमत ९९९ पेक्षा मोठी’ अशी अट आहे, तरी १००० किमतीची वस्तू तिच्यात का बसत नाही?

साधन त्या रकान्याकडे संख्या म्हणून न पाहता मजकूर म्हणून पाहत आहे. मजकुराची तुलना शब्दकोशातील क्रमाप्रमाणे पहिल्या अक्षरापासून होते. ‘१’ हे अक्षर ‘९’ च्या आधी येते, म्हणून ‘१०००’ हा मजकूर ‘९९९’ च्या आधीचा, म्हणजे लहान, ठरतो.

रकाना मजकूर का समजला गेला, हे शोधणे महत्त्वाचे आहे. फीडमध्ये किमतीच्या पुढे आयएसओ ४२१७ या मानकातील तीन अक्षरी चलन-संकेत लिहिलेला असतो आणि काही साधने तो वेगळा काढत नाहीत. हजारांसाठी घातलेला स्वल्पविराम हे दुसरे कारण. काही देशांत दशांशासाठीच स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे तो सरसकट काढून टाकणेही धोक्याचे असते. हाताने भरलेल्या तक्त्यात आकडे देवनागरीत टंकलेले असतील, तर अनेक प्रणाली त्यांना संख्या मानत नाहीत. फीडमध्येच ‘किंमत, फक्त संख्या’ असा स्वतंत्र रकाना तयार करून अट त्याच्यावर लावणे हा टिकाऊ उपाय आहे. दाखवण्यासाठी मूळ रकाना वापरावा, तुलनेसाठी हा नवा.

७. रंग ‘लाल’ नसेल तर एक लेयर दाखवायचा आहे. ज्या ओळींत रंगच भरलेला नाही, त्यांतही तो का दिसतो, किंवा कधी दिसत नाही?

‘समान नाही’ या तुलनेला रिकाम्या मूल्याचे काय करायचे, यावर साधनांचे एकमत नाही. काहींच्या मते रिकामे मूल्य ‘लाल’ नाही, म्हणून अट खरी आहे. काही साधने डेटाबेसमधील रीत पाळतात, जिथे अज्ञात मूल्याशी केलेल्या तुलनेचे उत्तर ‘हो’ही नसते आणि ‘नाही’ही नसते, आणि असे अनिश्चित उत्तर नापास समजले जाते. आपले साधन कोणत्या गटातले आहे हे एका रिकाम्या ओळीवर तपासून पाहावे. त्यानंतरही नियमात ‘रंग रिकामा नाही, आणि रंग लाल नाही’ असे दोन्ही भाग लिहावेत, म्हणजे साधन बदलले तरी निकाल बदलणार नाही.

८. ‘आणि’ व ‘किंवा’ एकत्र वापरल्यावर निकाल विचित्र का येतो?

‘नवीन किंवा सवलतीत आणि साठ्यात’ ही अट वाचताना बहुतेकांच्या मनात असते, की वस्तू नवीन वा सवलतीत असावी आणि दोन्ही स्थितींत साठ्यात असावी. परंतु जवळपास सर्वत्र ‘आणि’ आधी बांधला जातो, त्यामुळे तिचा अर्थ ‘नवीन असेल तर चालेल, अथवा सवलतीत आणि साठ्यात असेल तर चालेल’ असा होतो, आणि संपलेल्या नव्या वस्तूंवरही बॅज येतो. कंस किंवा अटींचे गट करण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल, तर ‘नवीन आणि साठ्यात’ किंवा ‘सवलतीत आणि साठ्यात’ असे उलगडून लिहावे.

नियम उलटवतानाही अशीच गफलत होते. ‘साठ्यात आणि सवलतीत’ याच्या उलट ‘साठ्यात नाही किंवा सवलतीत नाही’ असे असते. नकारासोबत ‘आणि’चा ‘किंवा’ झालाच पाहिजे. ‘दाखवा’चा नियम ‘लपवा’मध्ये बदलताना हे हमखास विसरले जाते.

९. उत्पादनाच्या नावात ठरावीक शब्द असेल तर चिन्ह दाखवायचे आहे. हे का बिघडते?

‘नावात लेदर हा शब्द आहे’ ही अट ‘कृत्रिम लेदर’लाही लागू होते, आणि मग खऱ्या चामड्याचे चिन्ह खोट्या चामड्यावर बसते. ‘समाविष्ट आहे’ ही तुलना अक्षरे पाहते, अर्थ पाहत नाही. शिवाय रोमन लिपीत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक काही साधने मानतात, काही मानत नाहीत. शब्दाच्या शेवटी राहिलेली जागा डोळ्यांना दिसत नाही, आणि वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात येणारी न तुटणारी जागा साध्या जागेसारखी दिसत असली तरी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकीय संकेत देणाऱ्या मानकात, वेगळे अक्षर आहे. देवनागरीत नुक्ता असलेले ‘क़’ एका संकेतानेही लिहिता येते आणि ‘क’ला नुक्ता जोडूनही. दिसायला दोन्ही एकच, जुळवणीत मात्र वेगळी ठरू शकतात.

म्हणून साहित्य, प्रमाणपत्र, वापराचा प्रकार अशा गोष्टींसाठी वेगळा रकाना ठेवून त्यात ठरलेलीच मूल्ये भरावीत आणि ‘समाविष्ट आहे’ऐवजी ‘समान आहे’ ही तुलना वापरावी. नावावर अट लावणे अगदीच अटळ असेल, तर कोणत्या ओळी जुळल्या याची यादी प्रत्येक वेळी डोळ्यांखालून घालावी.

१०. दोन-तीन बॅज एकाच जागी एकमेकांवर येतात. प्राधान्यक्रम कसा लावावा?

आधी क्रम कागदावर ठरवावा. सर्वसाधारणपणे उपलब्धतेची माहिती सर्वांत वर, मग सवलत, मग ‘नवीन’, आणि शेवटी मोफत पोहोच यांसारखी कायम लागू असणारी गोष्ट, असा क्रम समर्थनीय ठरतो. ‘पहिली जुळणारी अट घ्या आणि थांबा’ अशी सोय साधनात असेल, तर क्रमाने अटी लिहिणे पुरते. ती नसेल, तर प्रत्येक खालच्या बॅजच्या अटीत वरच्या सर्व बॅजच्या अटी नाकाराव्या लागतात, आणि चौथ्या बॅजपर्यंत तो नियम वाचण्यापलीकडे जातो.

याहून बरी रीत अशी, की निर्णय फीडमध्येच घ्यावा. ‘बॅज’ नावाचा एक रकाना करून त्यात ‘सवलत’, ‘नवीन’, ‘संपले’ यांपैकी एकच मूल्य सूत्राने भरावे आणि टेम्प्लेटमध्ये प्रत्येक लेयरला एकच साधी अट द्यावी. एका खान्यात एकच मूल्य मावत असल्याने दोन बॅज एकत्र येणे अशक्य होते. ज्यांच्या टेम्प्लेटमध्ये नियमांचा गुंता झाला आहे, त्यांना सर्वांत आधी हाच बदल सुचवावासा वाटतो.

११. घटक लपवला, पण त्याची जागा मोकळीच राहते. ती कशी भरावी?

लपवण्याचे दोन प्रकार आहेत. वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत ‘व्हिजिबिलिटी हिडन’ केलेला घटक दिसत नाही, पण त्याची जागा राखलेली राहते, तर ‘डिस्प्ले नन’ केलेला घटक मांडणीतूनच निघून जातो आणि शेजारचे घटक सरकतात. टेम्प्लेटच्या साधनांतही हाच भेद असतो. लेयर ठरावीक बिंदूंवर खिळवलेले असतील, तर एक लपल्याने दुसरा हलत नाही. आपोआप सरकणाऱ्या रांगेत किंवा स्तंभात ठेवले असतील, तरच जागा भरते. अशी रांग करता येत नसेल, तर किमतीचे दोन लेयर करावेत: एक खोडलेल्या किमतीसह वर बसणारा आणि एक मध्यभागी एकटा बसणारा. मग त्यांना परस्परविरोधी अटी द्याव्यात. गटाला अट लावली असेल, तर गट लपल्यावर आतील लेयरची स्वतःची अट खरी असूनही तो दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

१२. सवलत संपली, तरी जाहिरातीत जुना बॅज का दिसत राहतो?

नियम चित्र तयार होताना तपासला जातो, ग्राहक चित्र पाहतो तेव्हा नाही. फीडमध्ये बदल होणे, साधनाने तो उचलणे, नवे चित्र तयार होणे आणि जाहिरातीच्या मंचाने ते आणून घेणे या चार टप्प्यांत वेळ जातो. चित्राचा पत्ता (यूआरएल) तोच राहिला, तर मंच आपल्याकडची जुनी प्रत दाखवत राहू शकतो. म्हणून मजकूर बदलला की चित्राचा पत्ताही बदलेल, अशी व्यवस्था करावी. पत्त्याच्या शेवटी आवृत्तीचा क्रमांक जोडणे ही नेहमीची पद्धत आहे.

तारखांवर अट लावताना वेळेचा पट्टा (टाइम झोन) तपासावा. सवलतीच्या कालावधीचा रकाना आयएसओ ८६०१ या पद्धतीने, सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये तिरकी रेघ देऊन लिहिला जातो. तो दोन तारखांत न फोडता तुलनेला घेतल्यास निकालाला अर्थ उरत नाही. ‘आज शेवटचा दिवस’ असा लेयर शक्यतो ठेवूच नये, कारण चित्राला ‘आज’ कळत नाही.

१३. नाव लांब असेल तर दुसऱ्या आकाराचा लेयर दाखवता येईल का?

येईल. अक्षरसंख्येवर अट लावून लहान आणि मोठ्या अक्षरांचे दोन लेयर ठेवता येतात. मात्र देवनागरीत संगणकाची मोजणी आणि डोळ्यांना दिसणारी अक्षरे यांत अंतर असते. ‘क्षि’ हे आपल्याला एकच अक्षर दिसते, परंतु युनिकोडमध्ये ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार संकेत आहेत. रोमन लिपीसाठी ठरवलेली मर्यादा तशीच लावू नये. आपल्याच फीडमधील सर्वांत लांब नावे घालून ती नव्याने ठरवावी.

१४. बॅज उत्पादनावर येत असेल तर तो लपवणारा नियम लिहिता येतो का?

फक्त रकान्यांवर चालणाऱ्या नियमाने नाही. नियमाला फोटो दिसत नाही, फोटोचा पत्ता दिसतो. एखाद्या फोटोत वस्तू कोपऱ्यापर्यंत पसरली आहे, ही माहिती कोणीतरी रकान्यात लिहिली तरच नियमाला कळेल. उंच, रुंद आणि चौकोनी वस्तूंच्या प्रवर्गांनुसार बॅजचा कोपरा बदलणे एवढे मात्र सहज साधते.

१५. हीच चित्रे सगळीकडे वापरता येतील का?

नाही. गुगलच्या खरेदीविषयक यादीत उत्पादनाच्या मुख्य चित्रावर जाहिरातीचा मजकूर, वॉटरमार्क किंवा चौकट चालत नाही आणि त्यामुळे उत्पादन नामंजूर होऊ शकते. मेटाच्या (फेसबुक, इन्स्टाग्राम) कॅटलॉग-जाहिरातींत, म्हणजे फीडवरून आपोआप तयार होणाऱ्या जाहिरातींत, मात्र किंमत किंवा सवलत चित्रावर दाखवता येते. एकाच टेम्प्लेटमध्ये ‘मंच’ अशी अट घालण्यापेक्षा, मूळ फोटो आणि सजवलेले चित्र यांचे पत्ते दोन वेगळ्या रकान्यांत ठेवून प्रत्येक मंचाला योग्य रकाना देणे अधिक सुरक्षित आहे.

१६. खोडलेली मूळ किंमत केव्हाही दाखवता येते का?

हा प्रश्न कायद्याचाही आहे. युरोपीय संघात २०१९ च्या २१६१ क्रमांकाच्या निर्देशानुसार, किंमत कमी केल्याचे जाहीर करताना आधीची किंमत म्हणून सर्वसाधारणपणे घटीपूर्वीच्या किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत द्यावी लागते. हे नियम २८ मे २०२२ पासून लागू झाले. फीडमधील मूळ किमतीच्या रकान्यात ही किंमत असतेच असे नाही. अशा बाजारांसाठी ‘३० दिवसांतील किमान किंमत’ हा वेगळा रकाना करावा आणि तो भरलेला व सध्याच्या किमतीहून मोठा असेल तरच खोडलेला लेयर दाखवावा. इतर देशांतील नियम तिथल्या जाणकारांकडून तपासून घ्यावेत.

१७. हजारो चित्रे एकेक करून पाहणे शक्य नाही. चाचणी कशी करावी?

खऱ्या उत्पादनांतून निवड करण्याऐवजी चाचणीसाठी मुद्दाम वाकड्या ओळी लिहाव्यात: सवलतीची किंमत मूळ किमतीएवढी, तिच्याहून मोठी, शून्य, रिकामी, आडव्या रेघेची; सूट नेमकी मर्यादेवर आणि मर्यादेच्या किंचित खाली; सर्वांत लांब नाव आणि नाव नसलेली ओळ. स्वतंत्र अटी तीन असतील तर जुळण्या आठ, पाच असतील तर बत्तीस. तेवढ्या ओळी एकदा लिहून ठेवल्या, की प्रत्येक बदलानंतर त्याच पुन्हा चालवता येतात. प्रिव्ह्यूमध्ये एक देखणे उत्पादन पाहून समाधान मानणे ही चाचणी नव्हे.

१८. एका वस्तूचे पाच रंग आहेत आणि सूट एकाच रंगावर आहे. बॅज दाखवावा का?

प्रत्येक रंगाची स्वतंत्र ओळ असेल आणि जाहिरातीत तोच रंग दिसणार असेल, तर त्या एकाच ओळीत बॅज यावा, आणि प्रश्न ३ मधील नियम तसेच करतो. अडचण येते ती पाचही रंगांसाठी एकच चित्र वापरताना. नियमाला एकच ओळ दिसत असल्याने ‘गटातील कोणत्याही रंगावर सूट आहे का’ हे त्याला विचारता येत नाही. फीडमध्ये गट-क्रमांकाच्या, म्हणजे एकाच वस्तूच्या सर्व रंगांना दिलेल्या समान क्रमांकाच्या, आधारे हिशेब करून प्रत्येक ओळीत गटातील सर्वांत कमी किंमत, सर्वांत जास्त किंमत आणि सवलतीतील रंगांची संख्या लिहावी लागते. मग कमी आणि जास्त किंमत वेगवेगळी असेल तर ‘पासून’ हा शब्द असलेला किमतीचा लेयर दाखवावा, आणि सवलतीचा बॅज सर्व रंग सवलतीत असतील तरच. काही रंगांवरच सूट असल्यास ‘निवडक रंगांवर सूट’ असा वेगळा लेयर ठेवता येतो. त्यावर टक्केवारी छापू नये. साठ्यात नसलेले रंग हिशेबातून आधीच वगळावेत, नाहीतर संपलेल्या रंगाची किंमत ‘पासून’ म्हणून चित्रावर येते.